विकत घेतलेला फोन कुणाचा?

नवा असताना बोट लावताच उघडणारा स्मार्टफोन दोन-तीन वर्षांत पाय ओढू लागतो. फोटो उघडायला वेळ, नंबर लावायला वेळ, आणि नेमका महत्त्वाचा निरोप लिहिताना पडदा गोठलेला. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘म्हातारा झाला तो, आता नवा घ्या.’ या वाक्यात जो समज दडलेला आहे, त्याविषयी मला आज बोलायचं आहे. बैल म्हातारा होतो, माणूस म्हातारा होतो. फोनमधली सिलिकॉनची चकती तशी म्हातारी होत नाही. पहिल्या दिवशी ती सेकंदाला जितकी आकडेमोड करू शकत होती, जवळजवळ तितकीच ती पाचव्या वर्षीही करू शकते. मग मंदावतं ते काय?

बॅटरी खरोखरच झिजते, हे मान्य. साठवणीची जागा काठोकाठ भरली, की लिहिणं-पुसणं रेंगाळतं, हेही खरं. पण मोठं कारण वेगळं आहे. ॲप्स वर्षागणिक जड होत जातात, कारण ती नव्या, ताकदवान फोनना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. फोनबरोबर कंपनीनं स्वतःची म्हणून काही ॲप्स आधीच भरून दिलेली असतात, त्यांतली कित्येक काढताही येत नाहीत. आणि काही काळानं त्या फोनसाठी सुधारणा पाठवणं कंपनी थांबवते. वाडा मजबूत असतो, पण त्याची निगा राखणारं कुणी उरत नाही. म्हणून मी म्हणतो, की फोन म्हातारा होण्याआधी पोरका होतो.

फोनचं सगळं कामकाज पाहणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपण तिला कारभारी म्हणू. कोणत्या कामाला किती जागा द्यायची, कुणाला आधी सोडायचं, कॅमेऱ्याला आणि पडद्याला केव्हा हाक मारायची, हे सारं तो ठरवतो. जुना फोन तसाच ठेवून हा कारभारी तेवढा बदलायचा, कमी खाणारा आणि नेमकं काम करणारा दुसरा आणून बसवायचा, असा उद्योग जगभरातल्या हौशी प्रोग्रामर मंडळींनी केला. मी कवितेतला माणूस. बी.ए.च्या पलीकडे शिकलो नाही आणि इंजिनिअरिंगशी माझा संबंध नाही. पण या उद्योगाचा इतिहास मला ओढून घेतो, कारण त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. पैसे मोजून घरी आणलेली वस्तू कुणाची?

आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडतही नसे. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली, की गल्लीत कल्हईवाला येई. भाता, कोळसे, नवसागराची चिमूट, कथील आणि कापसाचा बोळा, एवढ्या सामानावर तो पातेलं आतून चांदीसारखं करून देई. पातेलं कोणत्या कारखान्यातलं, हे त्यानं कधी विचारलं नाही; आणि ‘आमच्या पातेल्याला हात का लावलात’ अशी नोटीस कारखानदारानंही कधी पाठवली नाही. फोनच्या बाबतीत मात्र नोटीस आली. तिथवर पोचण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर काम करत. प्रिंटरमध्ये कागद अडकला, की वाट पाहणाऱ्या सगळ्यांना तसा निरोप जावा, अशी सोय त्यांनी प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून केली होती. १९८० च्या सुमारास तिथे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, मात्र मिळाला नाही. तो जवळ असलेल्या दुसऱ्या विद्यापीठातल्या एका माणसाकडे स्टॉलमन गेले, तर ‘कुणाला देणार नाही’ असा करार करून तो बसलेला. प्रिंटर प्रयोगशाळेचा, कागद प्रयोगशाळेचा, अडचणही प्रयोगशाळेची. फक्त दुरुस्त करण्याचा हक्क तेवढा दुसऱ्याचा. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल या नावानं ओळखला जाणारा परवाना लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की हे सॉफ्टवेअर वापरा, वाचा, बदला, वाटा. पण बदललेलं दुसऱ्याला द्याल तेव्हा त्याचा सोर्स कोड आणि हेच हक्क त्यालाही द्या. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं लिनक्स लिहायला घेतलं आणि पुढच्या वर्षी ते याच परवान्याखाली आणलं.

गूगलनं ज्या अँड्रॉइडवर फोनचा बाजार उभा केला, त्याच्या तळाशी हेच लिनक्स आहे. त्यामुळे अँड्रॉइड फोन विकणाऱ्या कंपनीला त्या तळाचा कोड, स्वतः केलेल्या बदलांसह, उघड करावा लागतो. वरच्या मजल्याचा बराचसा कोडही गूगलनं ऑक्टोबर २००८ मध्ये खुला केला. कारभारी घडवायला लागणारी माती अशी सर्वांना मिळाली. अडचण उरली ती कुलपाची. फोन सुरू होताना बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम आधी जागा होतो. आतल्या सिस्टीमवर कंपनीचा शिक्का आहे का, हे तो पाहतो आणि नसेल तर दारातूनच परत पाठवतो. आत शिरल्यावरही सर्वाधिकार मालकाला दिलेले नसतात. त्या सर्वाधिकाराला ‘रूट’ म्हणतात.

अँड्रॉइडचा पहिला फोन टी-मोबाइल जी-१ हा एचटीसीनं बनवला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तो अमेरिकेत विक्रीला आला. महिनाभरात त्याच्यात एक विलक्षण चूक सापडली. एका गृहस्थानं मैत्रिणीला उत्तर द्यायला उशीर झाला, म्हणून कारण कळवण्यासाठी ‘रीबूट’ हा शब्द लिहिला, आणि फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू झाला! आपण जे काही टाइप करू, ते फोन पडद्याआड सर्वाधिकारी मालकाचा हुकूम समजून पाळत होता. गूगलनं ती फट तातडीनं बुजवली. पण तेवढ्यात हौशी मंडळी आत शिरली होती. ‘जीझसफ्रीक’ या टोपणनावाच्या प्रोग्रामरनं जी-१ साठी बदललेली सिस्टीम तयार केली. त्यानं काम थांबवल्यावर स्टीव्ह कोंडिक यांची सिस्टीम लोकप्रिय झाली. कोंडिक यांचं टोपणनाव होतं ‘सायनोजेन’, म्हणजे एक विषारी वायू. आणि त्यांच्या सिस्टीमचं नाव पडलं सायनोजेनमॉड.

सप्टेंबर २००९ मध्ये गूगलची ती नोटीस आली. अँड्रॉइड खुलं असलं, तरी जीमेल, नकाशे, यूट्यूब, ॲप्सचा बाजार ही गूगलची स्वतःची ॲप्स बंदिस्त होती आणि कोंडिक ती आपल्या सिस्टीमबरोबर वाटत होते. प्रकल्प बुडणार, असं वाटत असतानाच तोडगा निघाला. ही ॲप्स सायनोजेनमॉडमधून वगळायची. मालकानं ती आपल्या फोनमधून आधी काढून ठेवायची आणि नवी सिस्टीम बसल्यावर परत आत घालायची. पुढच्या वर्षी, जुलै २०१० मध्ये, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं प्रताधिकार कायद्याखाली एक सवलत दिली. आपल्या पसंतीची ॲप्स चालवण्यासाठी मालकानं स्वतःच्या फोनचं कुलूप उघडलं, तर त्या कायद्याचा भंग होणार नाही, असं तिनं ठरवलं.

या सगळ्यानं मंद फोनला काय मिळालं? जी-१ मध्ये काम करण्याची मेमरी १९२ मेगाबाइट आणि साठवण २५६ मेगाबाइट होती. अधिकृत सुधारणा अँड्रॉइड १.६ वर थांबल्या. सायनोजेनमॉडनं ॲप्स मेमरी कार्डावर हलवण्याची सोय केली, म्हणजे अंगणात खाट टाकून माजघर मोकळं केलं. ही सोय अँड्रॉइडमध्ये अधिकृतपणे आली ती २०१० च्या २.२ या आवृत्तीत. आणि तीही आवृत्ती या मंडळींनी जी-१ वर चालवून दाखवली. त्याहून मौजेची गोष्ट एचटीसीच्याच एचडी-२ या फोनची. तो २००९ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मोबाइल ६.५ सह आला. काही महिन्यांतच मायक्रोसॉफ्टनं नव्या विंडोज फोन ७ मधून त्याला वगळलं. हौशी लोकांनी त्याच फोनवर विंडोज फोन ७ चालवलं, अँड्रॉइडच्या एकामागून एक आवृत्त्या चालवल्या, उबुंटूसुद्धा चालवलं. २०१६ साली आलेलं अँड्रॉइड ७ देखील त्या फोननं पाहिलं. बनवणाऱ्यांनी ज्याला बाद केलं, तो फोन वापरणाऱ्यांनी पुढे अनेक वर्षं चालता ठेवला.

हे काम करायचं कसं, ते मी घरीच पाहिलं. माझ्या जुन्या फोनला सुधारणा येणं बंद झालं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तऱ्हा सगळ्यांची सारखीच. माझा भाचा डिप्लोमा करतो. आपल्या मॉडेलसाठीच बनवलेली सिस्टीम शोधणं ही पहिली पायरी, असं त्यानं बजावलं; शेजारच्या मॉडेलची चालत नाही. मग फोटो, नंबर, कविता सगळं संगणकावर उतरवून घेतलं, कारण बूटलोडरचं कुलूप उघडताच फोन पुसून कोरा होतो. त्यानंतर ‘रिकव्हरी’ नावाचा छोटा प्रोग्राम घातला आणि त्याच्यामार्फत नवी सिस्टीम चढवली. यात वीज गेली किंवा चुकीची फाइल चढली, तर फोन मेलाच समजायचा. या जगात अशा फोनला ‘ब्रिक’ म्हणतात, म्हणजे वीट. मराठी माणसाला विटेचं काय कौतुक सांगावं! पण या विटेवर कुणी उभं राहत नाही, तिचा फक्त वीट येतो. आमची वीट झाली नाही. कुलूप उघडण्यासाठी कंपनीची परवानगी मागावी लागते, हे कळल्यावर मी कपाळाला आठी घातली, तेव्हा भाचा हसून म्हणाला, ‘मामू, फोन तुमचा आहे ना? मग कुलूप त्यांचं कसं?’ स्टॉलमन यांना प्रिंटरपाशी पडलेला प्रश्न तो हाच.

या उद्योगातून पैसा होतो, हेही काहींनी लवकर ओळखलं. चीनमधल्या शाओमी कंपनीनं आपलं पहिलं पाऊल फोन विकून टाकलं नव्हतं. ऑगस्ट २०१० मध्ये तिनं मीयूआय ही अशीच पर्यायी सिस्टीम दुसऱ्यांच्या फोनसाठी आणली. स्वतःचा फोन आला तो त्यानंतर वर्षानं. कोंडिक यांना २०११ मध्ये सॅमसंगनं नोकरी दिली. २०१३ मध्ये त्यांनी किर्ट मॅकमास्टर यांच्यासोबत सायनोजेन ही कंपनी काढली आणि गुंतवणूकदारांनी तीन फेऱ्यांत मिळून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम तिच्यात ओतली. २०१४ मध्ये वनप्लस कंपनीचा पहिला फोन कारखान्यातूनच सायनोजेनची सिस्टीम घेऊन बाहेर पडला. मागच्या दारानं शिरलेला कारभारी आता पुढच्या दारानं, वाजतगाजत आला.

आणि तिथेच भांडण लागलं, तेही आपल्या देशात. वनप्लसनं डिसेंबर २०१४ मध्ये भारतात विक्री सुरू केली. पण भारतापुरते हक्क सायनोजेननं मायक्रोमॅक्सला एकट्याला दिले होते. मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली. १६ डिसेंबरला न्यायालयानं वनप्लसला सायनोजेनचं चिन्ह असलेले फोन विकण्यास मनाई केली. २४ तारखेला खंडपीठानं ती मनाई उठवली. मधल्या काळात, १८ तारखेला, मायक्रोमॅक्सच्या ‘यू’ या शाखेचा ८,९९९ रुपयांचा युरेका हा फोन जाहीर झाला होता. पोळलेल्या वनप्लसनं मग स्वतःची सिस्टीम तयार केली आणि तिचं नाव ठेवलं ऑक्सिजन. विषारी वायूनंतर प्राणवायू! नाव ठेवणाऱ्याच्या मनात हे होतं की नाही, ते तोच जाणे. ज्या सिस्टीमचा जन्म ‘कुणीही घ्या, कुणीही बदला’ या बोलीवर झाला होता, ती कोणत्या देशात कुणाच्या एकट्याची, यावर कोर्टकचेरी झाली, ही बाब मात्र लक्षात ठेवण्यासारखी.

कंपनी टिकली नाही. २०१६ च्या जुलैमध्ये नोकरकपात झाली, वर्षाअखेर कोंडिकही बाहेर पडले आणि सगळ्या सेवा ३१ डिसेंबरपर्यंत बंद होतील, असं नाताळच्या तोंडावर जाहीर झालं. इतर कुठलीही कंपनी बुडाली असती, तर तिचं सॉफ्टवेअर वापरणारे फोन तिच्याबरोबर पोरके झाले असते. इथे तसं झालं नाही. नाव कंपनीचं होतं, म्हणून नाव गेलं. कोड सर्वांचा होता, तो राहिला. त्याच आठवड्यात जुन्या कार्यकर्त्यांनी तोच कोड उचलून लिनिएज-ओएस हा प्रकल्प सुरू केला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याच्या पहिल्या आवृत्त्या लोकांच्या हातात पडल्या. लिनिएज म्हणजे वंशपरंपरा. गाण्याच्या भाषेत बोलायचं तर घराणं. उस्ताद गेले, पण गायकी चीजांसकट शिष्यांकडे राहिली. एका बिघडलेल्या प्रिंटरच्या रागातून आलेला विचार तीन दशकांनंतर असा कामी आला.

या सगळ्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर ऐकणाऱ्यांची फसवणूक होईल. चिप बनवणाऱ्या कंपन्या कॅमेरा, मोडेम वगैरेंचे प्रोग्राम बंदिस्त ठेवतात, त्यामुळे पर्यायी सिस्टीमवर फोटो कधीकधी फिके येतात. कुलूप उघडं ठेवलेला फोन चोराच्या हाती पडला, तर त्याचंही काम सोपं होतं. आणि आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून फोन हेच पाकीट झालं आहे. सिस्टीम मूळची आहे का, हे तपासण्याची सोय गूगलनं ॲप्सना दिली आहे. त्या तपासणीत नापास झालेल्या फोनवर बँकांची कित्येक ॲप्स चालायला नकार देतात. माझा फोन वेगानं धावू लागला, पण बँकेचं ॲप उघडेना. मी त्याच्यावर कविता लिहितो, पैशांचे व्यवहार दुसऱ्या फोनवर करतो. दोन फोन ज्याला परवडत नाहीत, त्यानं काय करायचं? वर्षानुवर्षं सुरक्षेची एकही सुधारणा न आलेला, पण कंपनीचा शिक्का असलेला फोन पुष्कळदा चालतो. आणि महिनाभरापूर्वी सुधारलेला, पण शिक्का नसलेला फोन अडतो, हा न्याय मला तरी कळत नाही. शिवाय दारंही कमी होत चालली आहेत. हुवावे कंपनीनं २०१८ मध्ये कुलपाचे संकेतांक देणंच बंद केलं.

तरीही ही धडपड वाया गेली, असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला कबूल करावं लागलं, की बॅटरी झिजलेले जुने आयफोन एकाएकी बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरमधूनच त्यांचा वेग कमी केला जातो. ग्राहकांना हे नीट सांगितलं नाही, म्हणून फ्रान्सनं २०२० मध्ये २.५ कोटी युरोचा दंड केला. फेअरफोन या डच कंपनीनं २०१५ चा आपला दुसरा फोन २०२३ पर्यंत सांभाळला; चिप बनवणाऱ्या क्वालकॉमनं मधेच साथ सोडली, तेव्हा तिला लिनिएजच्या मंडळींचं काम उपयोगी पडलं. गूगलनं ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये आपल्या महागड्या फोनना ७ वर्षं सुधारणा देण्याचं वचन दिलं. युरोपीय संघात जून २०२५ पासून नियम लागू झाला, की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षं सुधारणा मिळाव्यात. जुना फोन चालू शकतो, हे हौशी लोकांनी रात्री जागून, फुकटात, आधीच सिद्ध केलेलं होतं. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे उत्तर त्यामुळे कंपन्यांना पूर्वीइतकं सहज देता येईना.

मात्र ७ वर्षांचं हे वचन महागड्या फोनपुरतं आहे. आठ-दहा हजारांच्या फोनला ते क्वचितच मिळतं, आणि आपल्याकडचे पुष्कळ लोक तोच फोन घेतात, हप्त्यानं घेतात, मुलाच्या अभ्यासासाठी घेतात. म्हणून पुढच्या वेळी दुकानात गेलात, की कॅमेरा किती मेगापिक्सलचा हे विचाराच, पण त्याआधी आणखी दोन प्रश्न विचारा. याला सुधारणा किती वर्षं येणार? आणि त्या थांबल्यावर कुलूप उघडून मिळणार का? दुकानदार बहुधा गोंधळेल. दहा ग्राहकांनी विचारलं, तर तो कंपनीच्या माणसाला विचारील. पातेलं आपलं असेल, तर कल्हई कुणाकडून करायची, हे आपणच ठरवायला हवं.